निळ्या वासरांचा पांढरा बाप

मित्रांनो, मी एक म्हातारा वळू आहे. अंगाने पांढरा, चालीने संथ आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, थोडासा रुसका. स्कॉटलंडमधल्या लिड्सडेलच्या डोंगरात टेल्फरांच्या गोठ्यात माझे दहा हिवाळे गेले.

माझा जन्म मात्र सीमेपलीकडचा, इंग्लंडच्या बाजूचा, मिसेस रटलेज नावाच्या म्हातारीच्या घरचा. तिच्याकडे माझी आई आणि आणखी दोन गायी होत्या, तिघीही पांढऱ्याशुभ्र. शेजारी फाटकावर रेलून विचारत, "बाई, पांढऱ्या कालवडी ठेवून करणार काय तुम्ही?"

त्यांचेही खरेच होते. आमच्या भागात पांढऱ्या वळूला मान होता, पण तो एकाच कामासाठी. काळ्या, केसाळ गॅलोवे गायीला आमच्यापासून होणारे वासरू निळसर करडे निघते. आईसारखे ते वाऱ्यापावसाला दाद देत नाही आणि बापासारखे अंगाने लवकर भरते. मांसाच्या बाजारात अशा निळ्या जनावरांवर उड्या पडत. पांढऱ्या गायीला पांढऱ्यापासून पांढरेच होणार आणि त्याला भाव नाही, म्हणून घरोघरच्या पांढऱ्या कालवडी एकेक करून खाटकाकडे गेल्या. दही सगळ्यांना हवे, विरजण राखायला कोणी नाही, तशातली गत. मिसेस रटलेज नुसती हसायची आणि माझ्या आईची पाठ थोपटायची.

मी दीड वर्षाचा असताना वॉल्टर टेल्फर आला. त्याला सगळे वॉट म्हणत. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "पाय बरे आहेत. डोकंही बरं दिसतंय. माझ्यापेक्षा तरी बरं."

असा मी इथे आलो. चाळीस काळ्या गायींचा कळप आणि मी. दर वसंतात उतारावर निळी वासरे बागडायची. ऑक्टोबरच्या लिलावात त्यांना पहिल्या बक्षिसाची लाल फीत मिळायची, वर्तमानपत्रात फोटो यायचा. फोटोत वॉट असे, त्याची मुलगी कर्स्टी असे, वासरू असे. मी नसे. मला त्याचे वाईट वाटायचे, हे लपवत नाही. पण वॉट बाजारातून आला की आधी माझ्याकडे यायचा आणि कोटाच्या खिशातून ओटची कडक भाकरी काढायचा. तिला तंबाखूचा वास यायचा. "तुझी पोरं आज गाजली रे, म्हाताऱ्या," म्हणायचा. म्हातारा कसला, मी तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होतो.

मग वॉटचे गुडघे गेले आणि कारभार कर्स्टीकडे आला. मुलगी हुशार, कामाला वाघ, पण तिला घाई फार. माझ्या बारा निळ्या लेकी तिने गायी म्हणून राखल्या होत्या. त्यांना मी चालणार नव्हतो, बापच ना. शेजारचा डॉड हिस्लॉप म्हणाला, "माझ्याकडे एक निळा खोंड आहे, खच्ची न करता राखलेला. घेऊन जा. निळीला निळा दिला की निळंच होणार. मेंढ्यांचं नाही का, तोंडकाळ्या मेंढीला तोंडकाळा मेंढा?" डॉडचा सगळा जन्म मेंढ्यांत गेलेला.

त्या वेळी वॉट गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात होता. तो घरी आला तोवर निळ्या गायी गाभण होत्या.

"बाबा, वासरं सगळी निळी निघाली तर पांढऱ्याला न्यायला खाटकाची गाडी बोलवायची," कर्स्टी म्हणाली. "मग काळ्याही नकोत नि पांढराही नको. कबूल?"

"कबूल," वॉट म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता. निळीला निळा दिलेला त्याने तरी कुठे पाहिला होता?

तो हिवाळा मी मागच्या गोठ्यात काढला. पाण्यावर बर्फ जमला तर फोडायला दुपार व्हायची. कातडीवर शेणाच्या पापड्या धरल्या. वॉटला दोन काठ्यांवर तिथवर येववत नव्हते. मी कान टवकारून वसंताची वाट पाहायचो, आणि मला भीती वाटायची.

पहिले वासरू निळे झाले. दुसरेही निळेच. तिसरे मात्र कोळशासारखे काळे निघाले आणि चौथे पांढरे. शेवटी मोजली तेव्हा पाच निळी, चार काळी, तीन पांढरी भरली.

डॉडने टोपी मागे सारून डोके खाजवले. "तीन पांढरी तर मिळाली की. वळूचा प्रश्न मिटला."

"रंग पांढरा झाला म्हणून जात बदलत नाही, डॉड," वॉट म्हणाला. "अर्धी गॅलोवे आहेत ती. तुझं डोकं पांढरं झालंय, म्हणून शहाणा झालास का?"

ऑक्टोबरच्या लिलावात कर्स्टीने ती रंगीबेरंगी वासरे रिंगणात आणली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "काय गं, बटणांची बरणी सांडली वाटतं." सगळे हसले. ती घरी आली ती थेट माझ्याकडे. कोमट पाण्याने माझे अंग धुतले, पुढ्यात कोंडा ठेवला आणि पालथ्या बादलीवर बसली. "चुकलं माझं," म्हणाली. मीही मग फार ताणले नाही.

पण जेवताना तिने वडिलांना विचारले, "पांढऱ्यानंतर कोण?" मिसेस रटलेज केव्हाच वारली होती आणि तिच्या गायी गेल्या त्या गेल्याच. मग कर्स्टी सीमेच्या दोन्ही बाजूंचे गोठे पालथे घालत फिरली. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे तिला अस्सल पांढरी गाय मिळाली, ती तिने घरी आणली. त्यांनी ती केवळ सवय म्हणून ठेवली होती.

मित्रांनो, संकराला मी नावे ठेवत नाही. माझे सारे आयुष्य त्यावरच गेले, आणि माझ्या निळ्या पोरांचा मला अभिमान आहे. एवढेच मागणे आहे, की दोन जातींच्या मिलाफातून काही चांगले हाती आले, तर त्या दोन्ही जाती सांभाळा. नावाजलेली सांभाळा आणि फोटोत नसलेलीही सांभाळा.

मध्ये एक अख्खे वर्ष गेले आणि या वसंतात ती गाय व्याली. कालवड झाली, नखशिखांत पांढरी, माझी. डॉड आला आणि सवयीने फाटकावर रेलला.

"पांढरी कालवड," तो म्हणाला. "हिचं आता करणार काय तू?"

कर्स्टी वासराचे अंग गवताच्या मुठीने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "ठेवणार."