निळ्या माशावरचा आळ

सकाळचा उजेड निजामोद्दीन यांच्या घरात कधी घाईने शिरत नसे. आधी तो समोरच्या मलप्पाच्या दुकानाच्या पत्र्यांवर रेंगाळे, मग अंगणातल्या निळ्या पिंपाच्या कडेवर, पिंपावर उपड्या घातलेल्या जर्मनच्या भगुण्यावर टेकत टेकत उंबऱ्याशी येऊन थांबे. दारावरच्या जाळीतून त्याचे बारीक चौकोन होत आणि ते चौकोन शहाबादी फरशीवरून इतक्या सावकाश सरकत, की पाहणाऱ्याला ते जागीच आहेत असे वाटावे. फरशी संपली की भिंत. भिंतीवर दुरुस्तीला आलेली आणि न्यायला कोणी न फिरकलेली तीन घड्याळे; त्यांच्या काचा एकामागून एक उजळत. सगळ्यांत शेवटी उजेड कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीला लागे. पाण्यात उतरला की त्याला थरार फुटे, आणि छतावर लाटा उमटत. देगलूरहून कोणत्याही दिशेला निघाले तरी चारशे किलोमीटरांच्या आत समुद्र भेटत नाही. पण रोज सकाळी पाऊण तास तो या छतावर असे. त्या पाऊण तासात काही वाईट घडू शकते, यावर त्यांच्या मुलाचा, हमजाचा, विश्वास नव्हता.

आणि सोमवारी नेमके त्याच उजेडात त्याला ती जखम दिसली.

टाकीत मासे दोनच. एक नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे असलेली मादी. तिला अब्बा ‘बेगम’ म्हणत, कारण पाण्यात घातलेल्या कोणाच्याही हातावर ती चाल करून जाई आणि चावा घेई. दुसरा निळा, बोटाएवढा, आपल्या जातीच्या भांडखोरपणाने बदनाम. बेगमच्या मधल्या पट्ट्याखाली नखाच्या लांबीची चीर पडली होती. कडा पांढुरक्या झाल्या होत्या. हमजाने क्षणात निकाल दिला. निळ्याला जाळीने पकडून भोके पाडलेल्या डब्यात कोंडले आणि डबा टाकीच्या कोपऱ्यात अडकवला. चोवीस वर्षांच्या आयुष्यात त्याने कोणावर आवाज चढवला नव्हता. शिक्षा दिल्याचीही ही पहिलीच वेळ.

ही टाकी घरात आली तीच बंद पडून. एका बँक मॅनेजरची हैदराबादला बदली झाली, पंप कोणाच्याच हाताने चालू होईना, तेव्हा त्यांनी ती माशांसह अब्बांच्या दारात आणून ठेवली. अब्बा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, मनगटी घड्याळाच्या पेचकसाने त्यांनी पंप उघडला आणि तासाभरात पाणी फिरू लागले. त्या दिवसापासून बापलेक मिठाचे पाणी शिकले. जारचे पाणी, पाकिटातले समुद्री मीठ, आणि उन्हाळ्यात जेवढे पाणी आटेल तेवढे गोडेच घालायचे, कारण आटते ते पाणी. मीठ जागचे हलत नाही. हमजाला ते वाक्य फार आवडे. अब्बांच्या हाताला अशक्य असे काही नाही, याचा पुरावा म्हणजे ही टाकी होती.

पुराव्याची गरज भासू लागली होती. नांदेडला दिलेली थोरली बहीण शबाना दोन महिन्यांपासून फोनवर एकच विषय काढी. अब्बांना घेऊन ये, डॉक्टरला हात दाखवू, दुकानाला कुलूप लाव. अब्बांनी दुरुस्त केलेले कोणाचेसे घड्याळ चार दिवसांत थांबले, एवढी खबर तिच्यापर्यंत गेली होती. शुक्रवारी येते आणि घेऊनच जाते, असे तिने मंगळवारी सांगितले, तेव्हा हमजा भिंतीकडे तोंड करून बोलला.

“आपा, ज्या हाताचं तुम्ही बोलताय, त्याच हातानं अब्बा बेगमला बरी करतील. शुक्रवारी डोळ्यानं बघा. मग कुलुपाचं बोलू.”

पलीकडून शबानाने वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, “तू रोज त्यांच्याजवळ असतोस, हमजा.”

त्याने फोन ठेवला.

नांदेडच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या एकाने जखमेचे फोटो पाहून इलाज सांगितला होता. मासा वेगळ्या टबात घ्या, पाणी रोज बदला. मेलेले मांस चिमट्याने काढून जखमेवर पातळ केलेले आयोडीन कापसाने टेकवा. औषध कल्ल्यात जाता कामा नये, आणि मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. हमजाने सगळे वहीत उतरवून घेतले. शेवटी तो माणूस म्हणाला, की दाताची जखम फाटलेली असते, ही तर सरळ चिरलेली दिसते. काच खरवडताना ब्लेड लागले का? ते वाक्य हमजाने वहीत घेतले नाही.

टब मलप्पाने दिला. त्याचे समोरच प्लास्टिकच्या भांड्यांचे दुकान. टब उंबऱ्यात ठेवून तो आत डोकावला.

“आम्ही मासा खात न्हाई, तुम्ही खाता. अन् तुम्हीच त्याला मलमपट्टी करून राहिला?”

“हिला खात नाहीत, काका.”

“आता एवढा समुंदर आणलाच हाय गावात, तर जहाज कधी येतंय तेवढं सांग. मी फाट्यावर थांबतो.” जाता जाता त्याने टाकीतला डबा पाहिला. “ह्या निळ्याला का कोंडलं? साक्षीदार कोण हाय?”

हमजाने टब आत ओढला. बुधवारी जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका चढला आणि बेगम टबाच्या तळाशी एका कुशीवर कलंडून राहू लागली. अब्बा हल्ली काम नसले की हात बंडीच्या खिशात ठेवत. म्हणाले, नांदेडच्या त्या माणसाकडे नेऊ. हमजा म्हणाला, कोणाकडे न्यायची नाही.

गुरुवारी उजेडाचे चौकोन भिंतीशी पोचले तेव्हा तयारी झाली होती. ओल्या मलमलच्या तुकड्यात हमजाने बेगमला तळहातावर घेतले. डोळे कापडाखाली, कल्ले मोकळे. अब्बांनी भिंग लावले आणि घड्याळाच्या हत्यारांतला सर्वांत बारीक चिमटा उचलला.

चिमटा जखमेच्या वर आला आणि तिथे थांबला नाही. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खवल्याला टेकला. बेगमने अंग झाडले. अब्बांनी श्वास रोखून पुन्हा नेम धरला. टोक हमजाच्या अंगठ्याला टोचले.

“पाण्यात सोड तिला,” अब्बा म्हणाले.

हमजाने सोडले. ती तळाशी गेली. थोड्या वेळाने त्याने तिला पुन्हा उचलले आणि हात अब्बांच्या पुढे केला.

“परत करा.”

“बेटा, तू कर.”

“तुम्हीच करायचं. मी आपाला सांगितलंय.”

अब्बांनी भिंग काढले. त्यांचा डोळा ओला नव्हता, फक्त थकलेला होता. “तिला काय सांगितलं ते या मुक्या जिवाला ठाऊक आहे का?” ते म्हणाले. “मी वार केला हिच्यावर. आता वाचवणारा हात दुसरा पाहिजे. तू पण तिथंच उभा होतास ना?”

तो तिथेच उभा होता. रविवारी अब्बा लांब दांडीच्या ब्लेडने काचेवरचे शेवाळ खरवडत होते आणि तो टाकीचे झाकण धरून शेजारी होता. ब्लेड काचेवर सरकण्याऐवजी टकटक वाजत होते. बेगम नेहमीप्रमाणे हातावर चालून आली. त्या वेळी निळा मासा पार दुसऱ्या टोकाला, दगडाच्या कपारीत होता.

तळहातावर कल्ला उघडझाप करत होता. हमजाने उजव्या हाताने चिमटा घेतला.

“हळू,” अब्बा कानाशी बोलू लागले. “मनगट टेकव. चिमट्याला नेऊ नको, त्याला जाऊ दे. आता ओढ.” पुंजका अलगद निघून आला. खाली गुलाबी मांस दिसले. अब्बांनी कापसाची काडी त्याच्या बोटांत दिली. त्याने ती जखमेवर टेकवली, तपकिरी डाग कल्ल्याच्या अलीकडेच थांबला. मग पाणी.

टबात बेगम काही क्षण कलंडलेलीच राहिली. हमजाचा हात अजून पाण्यात होता. एकाएकी ती सरळ झाली, वळली आणि तिने त्याच्या करंगळीचा कडकडून चावा घेतला. अब्बा मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना हमजाने कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.

त्याने टाकीतला डबा उघडला. निळा मासा लगेच बाहेर आला नाही. चार दिवसांत त्याने तेवढ्याच पाण्याची ओळख करून घेतली होती. हमजा डबा तिरपा धरून, तो आपणहून निघेपर्यंत, थांबला. छतावरच्या लाटा तोवर विझल्या होत्या.

मग त्याने अंगणात जाऊन शबानाला फोन लावला. या वेळी त्याचे तोंड भिंतीकडे नव्हते. दुकानाला कुलूप लागणार नाही, असे त्याने आधी सांगितले. उद्यापासून चिमटा तो धरील आणि अब्बा शेजारी बसून सांगतील. गावाला हसायचे असेल तर गावाने हसावे. डॉक्टरकडे न्यायला तो स्वतः बरोबर येईल, आणि संध्याकाळच्या गाडीने अब्बांना परत घेऊनही येईल. बेगम जगली तर जगली, आणि मेली तरी निळ्यावर आळ येणार नाही.

शबानाने विचारले, पण झाले काय?

त्याने सांगितले. अब्बांचा हात थरथरतो.