फरशी वाळेपर्यंत

“दीड इंच,” बाबा म्हणाले आणि पोलादी पट्टी त्यांनी शर्टच्या खिशात खोचली. “आमच्या सैपाकघराचा उंबरठा दीड इंच हाय. तुमची मशीन किती चढते, तेवढं सांगा.”

बर्डीच्या बाजारातल्या त्या झगमगीत दुकानात बाबा फरशीवर उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर परातीएवढं, पांढरं, गोल, आपोआप फरशी पुसणारं यंत्र उताणं पडलं होतं. बाबा त्याचं एकेक चाक बोटानं फिरवून कान लावत होते. हिंगण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. मशीन उलटी करून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी मिक्सरसुद्धा घेतला नाही.

“दोन सेंटीमीटर चढते, अंकल,” रजत म्हणाला. रजत म्हणजे तिथला विक्रेता, तिशीतला, गळ्यात ओळखपत्र. दहा वर्षं हेच करत असावा, कारण बाबांच्या मोजमापानं तो जराही कंटाळला नव्हता.

“मंग राहू द्या. उंबरठ्याले मी उतार करून देईन. पुढचं बोला.”

आई बाजूच्या खुर्चीवर काठी धरून बसली होती. उजवा पाय समोर सरळ. दुकानात आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. आई बोलत असली की चिंता नसते. गप्प बसली की समजायचं, मनात ‘नाही’ ठरून गेलं आहे.

आणि आज तिनं ‘नाही’ म्हणून चालणार नव्हतं.

दिवाळीनंतर आईचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. फरशी पुसणं तर विसरूनच जायचं. आईनं मान डोलावली होती. मान डोलावण्यात आईचा हात कोणी धरणार नाही. मी कुहीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सकाळी सातला घर सोडते, त्यामुळे रोज तिच्याकडे जाऊन पोछा मारणं मला शक्य नाही. रविवारी जाते. तेव्हा ती खुर्चीवर बसून मुकादमासारखी माझ्या चुका काढते.

बाबा उभ्यानं मारायच्या पोछ्यानं पुसायचे. ते आंघोळीला गेले की आई तीच फरशी पुन्हा पुसायची. मग बाबांनी घरातली झाडून सगळी फडकी स्कूटरच्या डिक्कीत कोंडली आणि किल्ली गळ्यात घातली. आईनं त्यांचं बनियन घेतलं. तेही धडकं.

म्हणून मी यमुताईंना झाडूपोछ्याच्या कामाला लावलं. चौथ्या दिवशी त्यांचाच मला फोन आला.

“मॅडम, तुमची आई मले कामच करू देत नाही जी. पहिल्या दिवशी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी म्हणे तू दमली असशील, बस. काल मी सैपाकघर पुसून राहिली होती, तं तिकडं हॉल पुसून झाला. मी काय फुकटचा पगार घेऊ?”

संध्याकाळी मी तणतणत आईकडे गेले. “तिले कामाची गरज हाय ना वं आई. तू काहून असं करतेस?”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “सत्तावीस वर्षं मी लोकायच्या पायाखाली वाकली, दीक्षा. आता माह्या पायाखाली दुसरी बाई वाकली, तं मले पाहवत नाही. घास उतरत नाही.”

 शेवटी तिनंच तोड काढली. यमुताई आता पोळ्या करायला येतात. ओट्याजवळ उभ्यानं काम, आई शेजारी स्टुलावर, आणि दोघींच्या गप्पांत पोळ्या कधी होतात ते कळत नाही. पण फरशीचा प्रश्न होता तिथंच राहिला. महिन्याभरात आईचा गुडघा पपईएवढा सुजला. धंतोलीला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर चिडलेच. पुन्हा बसाल तर हा गुडघा परत उघडावा लागेल आणि दुसऱ्यांदा उघडलेला गुडघा पहिल्यासारखा होत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवशी बाबांनी मला अंगणातून फोन केला. “तुही माय ऐकत नाही. मले भेव लागून राहिलं, दीक्षा,” एवढंच म्हणाले. बाबांना भीती वाटते, हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवल्यावर मी रडले आणि रडून झाल्यावर मोबाइलवर शोधायला बसले, की कोणालाही न वाकवता फरशी पुसता येते का.

तर असे आम्ही तिघं दुकानात आलो होतो.

“आंटी, हे पहा, सगळ्यात जास्त हेच विकते,” रजतनं मधल्या किमतीचं यंत्र चालू केलं. “झाडू भी, पोछा भी. सक्शन एकदम जबरदस्त. मोबाइलवर बोट ठेवा, बस.”

यंत्र मागे एक ओलं फडकं चिकटवून दुकानभर फिरलं. आईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या मागे उमटणाऱ्या ओल्या पट्ट्याकडे पाहत होती. यंत्र परत आल्यावर तिनं काठीनं ते फडकं दाखवलं.

“याचा कपडा कोण धुते?”

“सगळं झालं की आपण काढून धुवायचा, आंटी.”

“सगळं झाल्यावर?”

“हो.”

“म्हणजे संडासाच्या दारापासून तं सैपाकघरापर्यंत एकच कपडा?” आईनं काठी खाली टेकवली. “मंग हे पुसत नाही, बाबू. हे घाण घरभर वाटून देते.”

रजतनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “आंटी, हे कोणी विचारतच नाही. सगळे सक्शन विचारतात, बॅटरी विचारतात.”

“एका वार्डाचं फडकं दुसऱ्या वार्डात जात नाही,” आई म्हणाली. “जंतू जाते.”

“आंटी हॉस्पिटलमध्ये होत्या का? नर्स?”

“हो, हॉस्पिटलमध्येच होती,” मी घाईनं म्हणाले.

इतक्या घाईनं, की माझं मलाच ऐकू आलं. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मी दरवर्षी ‘दवाखान्यात नोकरी’ लिहायची. खोटं काहीच नव्हतं त्यात. सासरीही हेच सांगितलं आणि त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. बेचाळीस वर्षांची मास्तरीण झाले, पोरांना श्रमप्रतिष्ठेचा धडा शिकवते, आणि जीभ अजून त्या रकान्यातच अडकलेली.

“नर्स नाही,” आई म्हणाली. “पोछा मारत होती. सत्तावीस वर्षं. तीन वार्ड, ओपीडी आन् जिना.”

बाबा ‘मी फिटर’ ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात तिनं ते सांगितलं. मला कान तापल्यासारखं झालं आणि लगेच फार मोकळं वाटलं. झालं, सांगून झालं. आता मला काही झाकायचं उरलं नव्हतं.

 रजतनं पलीकडे फ्रिज दाखवणाऱ्या सोबत्याला हाक मारली. “सौरव, गिऱ्हाईक झालं की इकडं ये बे. आंटी पोछ्यातल्या उस्ताद हायेत, ऐकून घे.” आणि आईकडे वळून म्हणाला, “आंटी, स्वतः कपडा धुणारी मशीन हाय. महाग हाय थोडी. दाखवू?”

“पहिले चहा सांग,” आई म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रजतनं मात्र हसत चहा मागवला. आईनं दोन घोट घेतले आणि उरलेला चहा त्या चकचकीत फरशीवर शांतपणे ओतला.

“अवं आई!” मी ओरडले.

“वाळू दे. ओला डाग कोणीही पुसते.”

चहा वाळेपर्यंत आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. तेवढ्या वेळात सौरव आला, मागून एक गिऱ्हाईक जोडपं आलं आणि आईची शाळा भरली. बादल्या दोन लागतात, एक धुवायची, एक पुसायची. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागं मागं यायचं, म्हणजे आपलाच पाय ओल्यावर पडत नाही. खाटेखाली हात तिरपा घालायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाळेपर्यंत कोणाले चालू द्यायचं नाही.

“ते तं होतच नव्हतं,” आई म्हणाली. “मी म्हणो, पाय वर घ्या. लोक पाय वर घेत, मी फडकं फिरवलं की लगेच खाली टेकवत. बोलता बोलता. माह्याकडं पाहतही नव्हते. मंग तेवढ्याच जागेवर मी पुन्हा वाके. दिवसातून किती वेळा, कोणाले माहीत.”

दोन बादल्यांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. ही मात्र नवीन होती. मी आईच्या सरळ ठेवलेल्या पायाकडे पाहत राहिले.

महागडं यंत्र पाण्याच्या टाक्या बसवलेल्या आपल्या खोक्यातून निघालं. ते आधी कडेकडेनं गेलं, मग आडवं. चहाच्या डागावर थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं. तीन वेळा. डाग गेला. मग ते खोक्यात परतलं आणि आतून पाण्याचा खळखळाट ऐकू आला.

“गरम पाण्यानं कपडा धुऊन राहिली,” रजत म्हणाला. “धुतला की वाळवते. आन् मंग पुढची खोली.”

“मैलं पाणी कुठं हाय?”

रजतनं टाकी काढून दिली. आईनं ती दिव्यासमोर धरली. आत गढूळ, भुरकट पाणी हिंदकळत होतं. त्या चकचकीत दुकानाच्या फरशीतून एवढी घाण निघालेली पाहून रजत जरा ओशाळला. आईचा चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

“पाणी खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “हेच घ्या.”

किंमत ऐकून बाबांनी एकदा पट्टी खिशातून काढली आणि परत ठेवली. मग म्हणाले, “गुडघ्यापेक्षा सस्तं हाय.”

पुढचे दोन दिवस बाबांनी सैपाकघराच्या उंबरठ्याला दोन्हीकडून लाकडी उतार बसवले. रंधा मारून, घासून, टाइल्सशी रंगसुद्धा जुळवला. रविवारी सकाळी मी पोहोचले तर बाबा दारातच वैतागलेले.

“तुह्या मायले विचार काय केलं तिनं.”

आईनं काठी टेकत, उभ्या उभ्या, सगळं घर झाडून ठेवलं होतं. चपला रॅकमध्ये, खुर्च्या पलंगावर.

“मंग मशीन आणली कायले?” बाबा म्हणाले.

“तुमी तं कमालच करता जी,” आई म्हणाली. “पसाऱ्यात कोणाले काम करायले लावते का?”

यंत्र सुरू झालं. आम्ही हॉलमध्ये तीन खुर्च्या ठेवून बसलो, पोरीला पाहायला पाहुणे आल्यासारखे. ते भिंतीकडेनं निघालं, बुद्धमूर्तीच्या कपाटाखाली शिरलं, बाहेर आलं. उंबरठ्याचा उतार त्यानं सहज चढला तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच चढून दाखवलं. मग हॉलचा दरवाजा आला. दरवाजामागचा कोपरा यंत्रानं सोडला आणि ते पुढे गेलं.

आईनं तो कोपरा पाहिला. मी आईला पाहिलं. तिथं धुळीची बोटभर रेघ राहिली होती. आईचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आला. उजव्या हातानं तिनं पदर कमरेला खोचला. सत्तावीस वर्षं रोज सकाळी खोचायची, तसाच. बाबांचा हात गळ्यातल्या डिक्कीच्या किल्लीवर गेला.  ती उठली असती, तर तिला थांबवणारे आम्ही कोण होतो?

यंत्र पलीकडच्या भिंतीला लागून वळलं. ते आता आडवं यायला लागलं होतं. आलं, दरवाजापाशी थांबलं, स्वतःभोवती जरा फिरलं आणि आपलं एक गोल फडकं हातासारखं बाहेर काढून त्यानं कोपरा पुसून घेतला.

“दुसरा हात मारते,” आई हळूच म्हणाली. “आडवा. बरोबर हाय. पहिल्या हातात कोपरे निघतच नाहीत.”

तिनं खोचलेला पदर सोडला आणि पाठ टेकून बसली. बाबांनी सुस्कारा सोडला, तो शेजारच्यांना ऐकू गेला असेल. मला हसूही आलं आणि डोळेही भरले. सुटलो, असं मला त्या घरात किती महिन्यांनी वाटलं.

यंत्र आमच्या खुर्च्यांकडे आलं. आईच्या पायांपाशी येऊन थांबलं, मागे सरलं, पुन्हा आलं. आई त्याच्याकडे पाहत राहिली. काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

“पाय वर घे वं,” बाबा म्हणाले.

आईनं पाय उचलले. डावा सहज आला. उजवा सावकाश, पण सरळ आला. यंत्र खालून गेलं, तिथंच एकदा आडवं फिरलं आणि कपडा धुवायला खोक्याकडे निघून गेलं.

मी पाय खाली टेकवणार, तेवढ्यात आई म्हणाली, “थांब. वाळू दे.”

बाबांनीही पाय उचलून धरले. पंखा मोठा करायला कोणी उठलं नाही. आम्ही तिघं तसेच पाय वर धरून फरशी वाळेपर्यंत बसून राहिलो.