ओल्या मसाल्याचा रंग

छिन्नीमामाच्या बापानं एक गोष्ट त्याला कानाखाली वाजवून शिकवली होती. दगडातली खाच बुजवली की ओल्या मसाल्याचा रंग बघून खूश व्हायचं नाही. एक दिवस वाळू द्यायचं, मग तोंड उघडायचं.

आणि साहेब म्हणत होते, "तीन वाजता पाहुणे येतायत. तोवर ती ओळ दिसता कामा नये."

ओळ सभागृहाच्या दाराशेजारी, काळ्या दगडात. देश नवा उभा राहिला तेव्हा मामाच्या बापानंच कोरलेली. 'हे हक्क माणूस जन्मतानाच घेऊन येतो. ते कोणी दिलेले नाहीत, म्हणून कोणाला काढून घेता येणार नाहीत.' अक्षरं अशी खोल की बोटाचं पेर आत जाईल.

"पुस्तकांतून काढली, दाखल्यांतून काढली," साहेब म्हणाले. "भिंतच तेवढी राहिली बघा."

"घासायची तर तीन दिवस जातील, साहेब."

"मग बुजवा. संध्याकाळी पोरगं तुमच्या शेजारी जेवायला बसलेलं असेल. माझा शब्द."

पोरगं शाळेत मास्तर. पुस्तकातून ओळ गेली, तरी त्यानं ती वर्गात फळ्यावर लिहिली. भर तासाला उचललं त्याला. नऊ दिवस झाले. कुठं ठेवलंय, जेवतोय का, कोणी ताकास तूर लागू देईना. मामानं कचेऱ्यांचे जिने चढून चढून गुडघे खिळखिळे करून घेतले.

आता काय करणार? दगडाची पूड, सिमेंट, पाणी. कालवलं आणि बापाची अक्षरं एकेक करून थापीनं बुजवत गेला. अकराला भिंत सपाट. रंगाला रंग असा मिळालेला की साहेबांनी तळहात फिरवून बघितला.

"काय हात आहे, मामा!"

साहेब गेले. उन्हानं भिंत धरली. बाराच्या सुमाराला दारावरचा पहारेकरी डोळे बारीक करून जवळ आला.

"मामा, सोळा वर्षं इथं उभा राहून पाय दुखवतोय. ही ओळ आज पहिल्यांदा वाचली बघ!"

मामानं मान वर केली. मसाला वाळत होता, वाळेल तसा पांढरा पडत होता. काळ्या दगडावर पांढरी ओळ, रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी. चाळीस वर्षं छिन्नी चालवलेल्या कारागिरानं पोराच्या पायी शिकाऊ माणसाची चूक केली होती.

"बादली दे! लवकर दे, बाबा!"

ओलं फडकं फिरवलं की ओळ गायब. दहा मिनिटं झाली की पुन्हा हजर. पाहुणे आले तेव्हा भिंत ओली होती. गेले. मामाचा हात थांबेना. पोरगं घरी पोचेपर्यंत भिंत कोरडी होऊन चालणार नव्हती.

"एवढी तर बायको लेकराला आंघोळ घालत नाही," पहारेकरी म्हणाला. मामा हसला नाही.

सहाला बायकोचा फोन आला. ती दुपारपासून साहेबांच्या कचेरीबाहेर बसली होती.

"सोडला का गं?"

"नाही हो. कारकून म्हणतो, साहेबांच्या मनात येईल तेव्हा सोडतील. मी म्हटलं, कधी येईल मनात? तर म्हणतो, बाई, ते विचारायचा आता तुम्हाला हक्क नाही."

मामा थापीला चिकटलेला मसाला नखानं खरवडत राहिला. तोही पांढराफटक झाला होता.

"अहो? ऐकताय ना?"

"ऐकतोय. तू तिथंच बस. उठू नकोस."

फाटक करकरलं. पहारेकरी धावत आला. "मामा, साहेबांची गाडी आत आली! मार पाणी, मार!"

बादली काठोकाठ भरलेली होती. मामानं फडकं तिच्या काठावर नीट वाळत घातलं आणि पायरीवर टेकला. पाठीमागं भिंत वाळत होती. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.