मोटारीचा नंबर

"कोड यायचा त्या नंबरावर, आणि नंबर बसवलाय मोटारीच्या डब्यात! धन्य आहे तुमची!" बायको दारातूनच ओरडली.

थोरला फडताळात पेचकस शोधत होता. चूक त्याचीच होती. नर्सबाईंनी आईचं दवाखान्याचं खातं मोबाइलवर उघडून दिलं, तेव्हा कोड यायला त्याने हाच नंबर सांगितला होता. पुढे घरात त्या कंपनीची रेंज येईना, म्हणून ते सिम त्याने विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात बसवलं. घरून रिंग दिली की मोटार सुरू! या अकलेचा तोरा त्याने आळीभर मिरवला. आईचं खातं मात्र ध्यानातच राहिलं नाही.

आता आईचे पाय सुजले होते. आडवं झालं की जीव घुसमटायचा. शहरापर्यंतचा प्रवास तिला सोसत नव्हता, म्हणून मोठे डॉक्टर आज मोबाइलवरच तपासणार होते.

"राहू दे रे," आई खाटेवर बसून धापा टाकत म्हणाली. "उद्या बघू."

"उद्या डॉक्टर नसतात, आई. तू बोलू नकोस."

पेचकस घेऊन तो विहिरीकडे पळाला. गंजलेल्या स्क्रूंनी जीव खाल्ला. सिम मोबाइलमध्ये घातलं, कोड आला आणि घाम पुसायच्या आत डॉक्टर पडद्यावर हजर.

"पेशंट कुठे आहेत?"

"घरी, साहेब. मी सांगतो ना सगळं. पाय सुजलेत, झोप नाही..."

"बघितल्याशिवाय औषध कसं बदलू? त्यांना समोर आणा."

"थांबा साहेब, आलोच!"

बांधापलीकडे रेंज नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो धावला. दुसरं करणार तरी काय? मोबाइल डोक्यावर धरून ढेकळांत ठेचकाळत धावला. बांध ओलांडला आणि डॉक्टर उघड्या तोंडाने जागीच थिजले. मग अक्षरं उमटली: तपासणी पूर्ण झाली. आमची सेवा कशी वाटली?

परत विहिरीवर जाऊन त्याने मोबाइलवर बोटं झिजवली. आता थेट पुढच्या महिन्यातली तारीख मिळत होती. तिथेच बसून तो रडला. मग डोळे पुसले आणि सिम पुन्हा डब्यात घातलं, कारण पीकही माना टाकत होतं.

घरी येऊन त्याने बायकोच्या साध्या, बटणांच्या मोबाइलवरून रिंग दिली. पहिल्याच रिंगला मोटार घरघरली.

"काय म्हणाले रे डॉक्टर?" आईने विचारलं.

"महिनाभर थांबा म्हणाले."

"थांबते की. मला कुठे जायचंय?"

एवढं बोलायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. थोरला उंबऱ्यात पाठ फिरवून बसला. पाणी मात्र पिकाला भरपूर चाललं होतं.