ओल्या म्यानातील सात वर्षे

मित्रांनो, मी लाल लाकडी मुठीचा, अगदी स्वस्तातला एक चाकू आहे. हे मी लाजून सांगत नाही. स्वस्त असणे हाच माझा गुण ठरला आणि त्या गुणामुळेच मी हिलेवीच्या हाती आलो.

उत्तर स्वीडनमधील एका लहान गावात, अवजारांच्या दुकानी, खिळ्यांच्या खोक्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यात मी माझ्या तीसेक भावंडांसह उभा होतो. आमचा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पट्टीतून आम्हांला कापले, आगीत लाल केले, तेलात बुडवले, धार दिली. नाव मात्र कोणी दिले नाही. समोरच्या काचेच्या कपाटात बडे चाकू थाटात पहुडले होते. बावीस वर्षांच्या हिलेवीची नजर त्यांतल्याच एकावर खिळली. त्याचे पाते काळे होते आणि पाठीवर करवतीचे दात होते.

"आजोबा, हा बघा! रानात काय वाट्टेल ते करेल."

"करेल की. अस्वलाशी कुस्तीसुद्धा खेळेल," एव्हर्ट आजोबा म्हणाले. "आणि तू नुसती त्याला पुसत बसशील."

"एव्हर्ट, माझं गिऱ्हाईक फोडू नकोस हं," गल्ल्यावरून दुकानदार ओरडला.

"फोडतोय कुठं? तुझ्याच डब्यातलं काढतोय!" असे म्हणत आजोबांनी मला उचलले. "हे बघ. पातं लांबीला तळहाताच्या रुंदीएवढं, तेवढं पुरे. पाठीची कड काटकोनी आहे, जाळ पेटवायच्या कांडीवर घासली की ठिणग्या पडतील. पोलाद साधं, गंजणारं; पण धार चटकन घेतं."

"गंजणारं कशाला घ्यायचं?"

"चुगलखोर असतं म्हणून. तू आळस केलास की दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतं. आणि पहिला चाकू महागाचा घेऊ नये, पोरी. हरवेल, मोडेल, या धास्तीनं माणूस शिकतच नाही. माझाच बघ ना."

आजोबांचा चाकू रेनडिअरच्या शिंगाच्या मुठीचा होता. लग्नात मिळालेला तो चाकू चाळीस वर्षे भिंतीवर टांगलेला होता. त्याने कधी साधा पावही कापला नव्हता.

घरी आल्यावर आजोबांनी माझे प्लास्टिकचे म्यान बाजूला ठेवले. "खुळखुळ्यासारखं वाजतंय मेलं," ते म्हणाले आणि दोन दिवस बसून त्यांनी माझ्यासाठी चामड्याचे म्यान शिवले. शिवण थोडी वाकडी गेली, कारण त्यांचा हात थरथरत असे. म्यान हिलेवीच्या कमरेला बांधताना ते म्हणाले, "चामडं पाणी पितं. आधी पातं पुसायचं, मगच ते म्यानात. विसरायचं नाही."

मित्रांनो, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातील एकमेव उन्हाळा होता, असे मी मानतो. मी काटक्यांच्या कुरळ्या ढलप्या काढल्या, मासे साफ केले, हिलेवीच्या अंगठ्याला दोनदा लागलोसुद्धा. दोन्ही वेळा आजोबा हसले. मला मात्र अपराध्यासारखे वाटले. पण आजोबांचे हृदय थकले होते. ते पहिला बर्फ पाहतील की नाही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणूनच तर हिलेवी शहर सोडून त्यांच्याजवळ राहायला आली होती.

आजोबांचा कॉफीचा लाकडी पेला मागेच तळ्यात बुडाला होता. बर्फ पडण्याआधी त्यांना नवा पेला करून द्यायचा, हे तिने मनाशी ठरवले. तिने पडलेल्या भूर्जाच्या खोडावरची गाठ कापून आणली. आतला खळगा तिने वाकड्या पात्याच्या चाकूने कोरला. बाहेरची गोलाई माझी. असे लाकूड मिठाच्या पाण्यात उकळावे लागते, मग कोरड्या भुशात पुरून दीड महिना विसरून जावे लागते. तिथल्या लहान मुलांनाही हे ठाऊक असते. हिलेवीलाही ठाऊक होते. पण आजोबा आता जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर थांबू लागले होते. तिने पेला मुदतीआधीच भुशातून काढला आणि लवकर वाळावा म्हणून चुलीवर टांगला.

दुपारी कडकन आवाज झाला. पेला काठापासून तळापर्यंत तडकला होता. ती मांडीवर पेला घेऊन रडत बसली.

"कॉफी ओत," आजोबा म्हणाले.

"गळेल, आजोबा."

"मग भराभर पितो. नाहीतरी डॉक्टरनं मला सावकाश प्यायला वेळ दिलाय कुठं?"

त्यांनी भेगेवर अंगठा दाबून धरला आणि एका दमात कॉफी संपवली. एक ओघळ मनगटावरून बाहीत गेला. त्यानंतरचे अकरा दिवस ते त्याच पेल्यातून प्यायले. बाराव्या दिवशी पेला कोरडा राहिला.

तिकडे अंत्ययात्रेच्या दिवशी दारापासून फाटकापर्यंत स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या अंथरतात. त्या सगळ्या डहाळ्या मी कापल्या. पाऊस पडत होता, माझ्या अंगाला चीक लागला होता. हिलेवीने मला तसेच म्यानात सारले, लाकडे ठेवायच्या खोपटात खिळ्याला अडकवले आणि ती शहरात निघून गेली. मी तिला दोष देत नाही. ज्या हाताने डोळे पुसायचे, त्याच हाताने पातेही पुसायचे, हे अशा वेळी कोणाला आठवते?

आजोबांनी शिवलेल्या चामड्याने पाणी धरून ठेवले आणि मी त्या मायेच्या कुशीत हळूहळू गंजत गेलो. सात वर्षे.

मग घर विकले गेले. सामान हलवायला हिलेवी आली तेव्हा सोबत शेजारच्या सिगब्रिट मावशी होत्या. हिलेवीने मला ओढले; मी हललो नाही. गंज आणि चामडे एकजीव झाले होते.

"टाक ग तो! दोन कप कॉफीच्या पैशांत नवा येईल," मावशी म्हणाल्या.

"ठाऊक आहे, मावशी. म्हणूनच तर घेतला होता."

ती घरात गेली आणि भिंतीवरचा तो शिंगाच्या मुठीचा चाकू घेऊन आली. आजोबांची वाकडी शिवण तिने टाका टाका करून उसवली. त्या देखण्या चाकूचे ते आयुष्यातले पहिले काम होते.

मी बाहेर आलो तेव्हा माझे टोक चामड्यातच राहिले. पाते खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. तिने मला वाळूने घासले, तेल लावले, सदऱ्याच्या टोकाने पुसले, कोरडा झालो तरी पुसतच राहिली. मग पायरीवर बसून तिने तडकलेल्या पेल्यात कॉफी ओतली आणि भेगेवर अंगठा ठेवला.

मित्रांनो, काम संपले की पाते पुसत जा. मन कितीही भरून आलेले असो, आधी पाते पुसा. दुःख तुमच्यासाठी थांबते; ओल थांबत नाही.