तगरीचा कौल

कार्तिकातली पहाट आडवणच्या खाडीवर उतरत होती; धुक्यात न्हालेली, धीम्या पावलांची पहाट. कापणीला आलेली खाचरे दवाने वाकली होती, आणि पिकल्या भाताचा गोडसर, ओलसर गंध पाणंदीतून चालत थेट देवळापर्यंत येत होता.

देऊळ रवळनाथाचे. गाभारा जांभ्या दगडाचा, आणि गाभाऱ्यापुढे लाकडी सभामंडप. धुपाने श्यामल झालेला, तेलाने तुळतुळीत झालेला, किती पिढ्यांच्या पाठी टेकून टेकून मऊ झालेला. खांबाखांबावर पोपट होते, वेली होत्या, अर्धोन्मीलित कमळे होती. वर फळ्यांच्या छतावर रंगवलेले दशावतार. गळत्या पावसाने मत्स्याची निळाई धुऊन नेली होती. वराहाचे तेवढे सुळे शुभ्र राहिले होते.

आज त्या मंडपाचा निवाडा होता. छपरावरचे नळे फुटले होते, वाशे कुजले होते. गावाने बैठक घेऊन ठरवले होते, जुने पाडावे आणि सिमेंटचा प्रशस्त मंडप उभारावा. वर स्लॅब, खाली गुळगुळीत लाद्या. पण देवाला विचारल्यावाचून आडवणात देवळाचा खिळाही हलत नसे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी होकाराची, डावी नकाराची. आधी गळेल ती देवाची वाणी. उजवी गळली तर मंडप पडणार. डावी गळली तर राहणार.

त्या पाकळ्या खुडायच्या कुमुदिनीने. ती गुरवाची बायको. कार्तिकभर तिचे व्रत असे: अंधारात आंघोळ, मग न बोलता फुले, आणि देवाला फुले वाहून झाली की मग दिवसाचा पहिला शब्द.

मंडपावर तिचा जीव होता. सासरी आली त्या वर्षी, माहेरच्या आठवणीने घरात रडायची चोरी होती तेव्हा, ती इथल्या खांबाला पाठ लावून रडली होती. खांबाने काही विचारले नव्हते. नंतरची सारी सुखदुःखे तिने त्याच लाकडाला सांगितली. ओठ न हलवता, वात लावता लावता, रोज तिन्हीसांजेला.

ओवरीवर बसून ती तगरीच्या पाकळ्या सोडवत होती. शुभ्र, शीतल, निर्मळ पाकळ्या. शेजारी वाटीत उगाळलेले चंदन होते.

एका पाकळीच्या पाठीला चंदनाचे एक बोट. एवढेच. ती उजवीकडे लावली जाईल अशी तबकात ठेवायची. मग ती खांद्याला चिकटून बसेल, आणि डावी सुखाने गळेल. कुणाला कळणार नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

तिचे बोट चंदनात बुडाले. आणि तसेच राहिले.

ज्याच्या अंगावर रोज पाणी घालताना ते सोसेल इतके कोमट आहे ना म्हणून आपण आधी हाताला लावून बघतो, त्याच्या तोंडी आपलेच शब्द घालायचे? तिने बोट पदराला पुसले. मग पाकळ्या धुतल्या. आपल्याच हाताचे भय वाटून पुन्हा धुतल्या. चंदनाचा कण राहिला असेल, वासही राहिला असेल, म्हणून कळशीत बुडवून ठेवल्या. पार भिजून, जड होऊन त्या तबकात निजल्या.

ऊन वर आले तसा गाव जमला. बाबली गुरवाने काळ्या पाषाणाच्या खांद्यांवर पाकळ्या लावल्या. गावचे मानकरी दाजी परब यांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले, "देवा म्हाराजा, जुना मोडून नवा बांधूचा म्हणतंव. तुझी मर्जी असली तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा," गावाने साद दिली.

आणि सगळे वाट पाहू लागले.

पाकळ्या गळेनात. दोन शुभ्र पाकळ्या, दोन कृष्ण खांदे, मधे समईची निश्चल ज्योत. कौल मिळेपर्यंत कुणी उठायचे नाही, अशी रीत. बाहेर कार्तिकाचे ऊन पितळेसारखे तापले. आत मंडपात सावली होती, गार, गहिरी, जुन्या पाण्यासारखी.

"बाबली, पाकळे लावलंस काय खिळे मारलंस?" कुणीतरी म्हणाले.

"देवय पंचायतीचो मेंबर झालो," भागी म्हातारी पुटपुटली. "हो म्हणना नाय, नाय म्हणना नाय."

हसू फिरले, आणि विरले. मग माणसे सैलावली. ताठ बसलेल्या पाठी हळूहळू खांबांना टेकल्या. कुणी मान मागे टाकली, आणि वर्षानुवर्षे वर न पाहिलेले डोळे छतावर गेले.

"ह्यो कूर्म रे. बाबा आमका ह्याच्याखाली निजवीत, रात्रभर नाटक बघता बघता," दाजी म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे, स्वतःशीच.

कुमुदिनी दाराआड उभी होती. आपण पाकळ्या फार भिजवल्या, म्हणून त्या दगडाला धरून बसल्या, हे तिला कळून चुकले होते, आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हते.

दाजींची पाठ खांबाच्या एका खळगीत बसली होती. झिजून झिजून पडलेली खळगी, पाठीसारखी, पाठीएवढी. ते थोडे सरकले, पुन्हा तिथेच आले. तळहाताने त्यांनी ती खळगी चाचपली, जशी झोपल्या गुराची पाठ चाचपावी. उन्हाचे कवडसे फुटक्या नळ्यांतून उतरत होते, जमिनीवर सरकत होते, पोपटांच्या चोचींवर क्षणभर थांबत होते.

ऊन कलले तेव्हा ते उठले.

"म्हाराजा," ते म्हणाले. "माझा गाराणा मी माघारी घेतंय. नळे बदलूया, कुजले ते वाशे बदलूया. बाकी ऱ्हवांदे."

घातलेले गाऱ्हाणे घालणाऱ्याला मागे घेता येते; तेवढी देवाची सूट असते. मग भागी म्हातारीने सुरुवात केली, आणि मागोमाग सारा मंडप बोलला, "व्हय म्हाराजा."

माणसे खाचरांकडे पांगली. तिन्हीसांज झाली. कुमुदिनी समईत वात सारत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत एक पाकळी सुटली. हलकी, निःशब्द, मूर्तीच्या पायथ्याशी.

ती गोठून उभी राहिली.

दारातून बाबलीने विचारले, "पडली काय गो?"

"पडली."

"खयची?"

खोटे तिच्या जिभेला कधी शिवले नव्हते. "उजवी."

तो आत आला. पाकळीकडे पाहत राहिला. देवाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. बाहेर खाचरांवरून घरी परतणाऱ्या दाजींचे खोकणे पाणंदीत दूर दूर जात होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"सुकली आसतली," तो म्हणाला, आणि समईत तेल घालू लागला.

ज्योत उंचावली. उजेड उंबऱ्यावरून मंडपात उतरला, पहिल्या खांबावर चढला, दुसऱ्यावर चढला. वेलीवरून कमळावर, कमळावरून तुळईवर, आणि तुळईवरून, हळू हळू, निळाई हरवलेल्या त्या मत्स्यापर्यंत जाऊन तिथेच स्थिरावला.