पाठमोरी

वैशाखाची दुपार. देवरुखच्या परसात जड, पिवळं, पिकलेलं ऊन उतरलेलं. फणसाखाली छायेची थरथरती जाळी, कुंपणाशी करवंदीचं काळंहिरवं मौन. आणि त्या मौनावर कॅमेरा रोखून स्टुलावर बसलेले अच्युतराव, घामानं निथळणारे, मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे.

तीस वर्षं हा माणूस अरण्यामागे धावला. ताडोबाच्या तप्त वाटा धुंडाळल्या, आसामची धुकंभरली गवतं तुडवली, दाजीपूरच्या गर्द राईत जळवा अंगावर घेतल्या. हाती काय लागलं? वाघाची पाठ, गव्याची पाठ. हत्तीचं तर नुसतं शेपूट!

"तुमच्याकडे बघायला एकही जनावर तयार नाही हो," कुमुदिनीबाई हसायच्या. प्रत्येक प्रवासात त्या त्यांच्या मागे असत, खांद्यावर डब्याची पिशवी, हातात ट्रायपॉड.

फाल्गुनात बाई पडल्या, खुबा मोडला. एक शस्त्रक्रिया फसली, दुसरी उद्या, सोमवारी. हृदय अशक्त आहे, खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणालेले. बाईंनी एकच मागणं मागितलं होतं. "दवाखान्यात जायच्या आधी एक तरी तोंड दाखवा. वाघाचं नको, परसातल्या मुंगसाचं चालेल."

सहा दिवस गेले. सहा दिवस ते तपकिरी, तांबूसनेत्र, चपळ चेटूक करवंदीतून निघे, फणसाखालून सरसर जाई आणि शेपटाचा झुबका तेवढा लेन्समध्ये ठेवून जाई. लेन्सही कसली! दूरच्या वाघासाठी घेतलेली, भलीथोरली. दहा पावलांच्या आतलं तिला दिसतच नसे.

"शपथ घाला त्याला," बाई आतल्या खाटेवरून सांगत. कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, रामाची शपथ घातली की मुंगूस वळून तोंड दाखवतं.

"मी काय शाळकरी पोर आहे?" अच्युतराव खेकसत.

आज पाचोळा वाजला. मुंगूस आलं, थबकलं आणि पाठ फिरवून निघालं. अच्युतरावांना रडू कोसळायचंच बाकी होतं.

"मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!"

मुंगूस गर्रकन वळलं. आणि अच्युतरावही वळले. कारण आवाज खाटेवरून नव्हे, खिडकीतून आला होता. तीन महिन्यांत पाऊल न टाकलेली कुमुद गज धरून उभी होती.

"अहो, बघितलं ना त्यानं! काढलात फोटो?"

"नाही गं." त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच वळलो."

करवंदी हलली. मुंगूस गेलं, आणि उद्या तर शस्त्रक्रिया. तीस वर्षांच्या त्या हजारो फोटोंत हिचा चेहरा एकदाही नव्हता. त्यांनी कॅमेरा उचलला.

"अगंबाई, माझा कसला? केस बघा माझे!" आणि तिनंही पाठ फिरवली.

लेन्समध्ये नुसतं धुकं. ते मागे सरले. एक पाऊल, आणखी एक पाऊल. पाठीत करवंदीचे काटे रुतले तेव्हा कुठे धुकं फिटलं. गज दिसले, गजांवरचा हात दिसला, पांढऱ्या केसांची सुटलेली वेणी दिसली.

"कुमुद," ते म्हणाले, आणि आवाज फुटला, "तोंड दाखव. तुला रामाची शपथ."

ऊन गजांवर थांबलं. फणसाखालची छाया थांबली. आणि हळूहळू, गज धरून, ती वळली.